पुलावरचा भालेवाला

चाकणच्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात कुसुमताई गुडघा चोळत नंबराची वाट बघत होत्या. शेजारी उजव्या हाताला पट्टा बांधलेले नवनाथराव आणि त्यांची मुलगी वर्षाली. दोघांच्या मध्ये मिठाईचा रिकामा खोका, त्यात बोटाएवढे रंगवलेले सैनिक.

“आई म्हणत होती, आता पहाटेच उठून पट मांडता. आधी नुसते छताकडं बघत पडायचात.”

“रविवारी धनेशशी लढाई आहे. आखणी नको करायला?”

“तो ड्रॅगन आणणारे, पप्पा. आणि आपला राक्षस मागं?”

“राक्षस रिलीव्हर आहे. पुढचे बुटके दमले की त्यांची जागा घेणार. तो आल्याशिवाय कुणी जागा सोडायची नाही.”

“खेळात कुणी दमत नाही हो.”

“कंपनीत प्रेसच्या मशीनवर उभी राहिली असतीस म्हणजे कळलं असतं.”

“बरं. मग पुलावरच्या या एका भालेवाल्याला दोन रिलीव्हर कशाला? एक फुकट जातोय.”

“आणि एक आलाच नाही तर? यानं दुसरी शिफ्टपण एकट्यानंच ओढायची? डोळे मिटतात गं. हात कुठं जातोय ते कळत नाही.”

“पप्पा.”

“राहू देत दोन.”

“तिसरा पण ठेवू. मी रंगवते.”

“नवनाथ जाधव, आत या.”

“तू जा, चहा घेऊन ये तोवर. सकाळपासून उपाशी आहेस.”

“तुम्ही बाहेर आल्यावर जाईन. तोवर मी इथून हलत नाही.”

नवनाथराव आत गेले. दारात उभा असलेला एक जण रिकाम्या खुर्चीकडं वळला, तशी कुसुमताईंनी आपली पिशवी उचलून त्या खुर्चीवर ठेवली.