लिंडाचे विमानवाले आजोबा

हसाल तुम्ही, पण आमची शेजारीण लिंडा पंचाहत्तरीची आहे, तरी मी तिच्यावर जळत होते. तिचे आजोबा म्हणे मूकपटांत विमानाचे स्टंट करायचे. इथे अमेरिकेत, चँडलरला आल्यापासून माझ्यापाशी पाच मिनिटं न बसणारे आमचे हे रोज संध्याकाळी तिच्या अंगणात तेच किस्से ऐकत बसायचे.

एकदा ह्यांना बोलवायला गेले आणि विचारलंच, "लिंडा, आजीला भीती नाही वाटायची?"

"भीती कसली, जळायची ती! हिरोइनच्या जागी उडायला आजोबांनी फ्रॉक घातला, मिशीसुद्धा काढली. आजी लग्नापासून मागे लागली होती, तेव्हा नाही काढली!"

"मग गं?"

"मग ती स्वतःच विमान चालवायला शिकली. पुढच्या सिनेमात तो फ्रॉक तिने घातला."

दुसऱ्या दिवशी ह्यांच्या आधी मीच जाऊन लिंडाशेजारी बसले. हे आले, तशी म्हटलं, "अहो, कुकर लावलाय. शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करा."