कापड आटलंय म्हणे

न्हाई न्हाई, श्वास आत वढू नका शिवराजअण्णा — सोडा, पोट सोडा म्हणायलोय मी. टेपापुढं पोट आत घेऊन काय मिळणार हाय, मला काय तुमाला पोरगी द्यायचीय का? तुमच्याच पोरीचं लग्न हाय, पल्लवीचं, आठ दिवसावर — आन् व्याह्याच्या पुढं ह्या पँटचं बटन तुटून पडू नये म्हणून दुबलगुंडीहून आलाव, व्हय ना? मग सोडा. बत्तीस वर्सं झाली ह्या हुमनाबादच्या बाजारात व्यंकट टेलर म्हणून बसायलोय, टेप लागल्यावर पोट आत न घेतल्याला एक गडी अजून बघितला न्हाई. बायका बऱ्या, त्या सरळ म्हणतेत सैल शिवा. गडी मात्र टेपाला बी फसवायला बघतंय. — आन् बसा आदी, त्या स्टुलावर बसा. चार पायऱ्या तर हायत दुकानाला. चार पायऱ्याला येवढ्या धापा?

पंखा लावतो. ऊन हाय म्हणताव? ऊन हाय, बरं. समद्यांचं आसंच आसतंय, कुणाला ऊन लागलंय, कुणाला पित्त झालंय, कुणाला गॅस — पोट वाढलंय आसं कुणीच म्हणत न्हाई. सकाळी मैदानावर जाऊन बघा एकदा. पांढरे बूट घालून वॉकिंगला येतेत आपले मोठे मोठे लोक. दोन फेऱ्या मारतेत, त्या बी बोलत बोलत, आन् तिथून सरळ हाटेलात — मिरची भजी, चुरमुऱ्याचा सुसला, वर दोन चहा. चालून आलाव ना, मग हक्क हाय. आन् शुगर तपासायची आसली की तीन दिवस आदी भाकरी आन् पालेभाजी, जणू कुणी व्रतच घेतलंय. रिपोर्ट बरा आला की त्याच सांजंला पाव किलो जिलबी. आरं, कुणाला फसवायलाव? लॅबवाल्याला? तेचं काय जातंय? मोबाईलवर एक जण पाठवतंय की जांभळाच्या बियांची पूड खावा, दुसरं तेच पन्नास जणांला पुढं ढकलतंय, आन् पूड कुणीच खात न्हाई. बरं, पोटाला काय म्हणतेत? खात्यापित्या घरची खूण. खूण म्हणे.

धोंडप्पाचं बघा की. तुमाला काय सांगायचं, तुमचाच साडू, तुमच्या नेत्रावतीअक्काच्या सख्ख्या बहिणीचा नवरा. डाळमिलच्या दारात हुबारून तुरीचा भाव सांगितला तर बसस्टँडावर ऐकू यायचा, आसला आवाज. वर्स झालं आता. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, वाचा गेली, नुसता आ-आ करतंय. बिदरला जीपमधून नेताना मीच होतो जवळ, तुमी मागून आलाव. तितल्या डॉक्टरीणबाईनं मला समजावून सांगितलं — म्हणल्या, काळजाचे ठोके ताळ सोडून पडायलेत, कधी चार भरभर, कधी एक गायबच. मग रगत आतच घोटाळतंय, तेची गुठळी होतेय, ती डोक्यात गेली आन् लकवा झाला. आन् हे आज झालं न्हाई, म्हणल्या. सुटल्यालं पोट, वाढल्याली शुगर, वाढल्यालं बीपी — ही तिघं एका पंगतीला बसतेत आन् वर्सानुवर्सं काळजाला खातेत. आदी पट्टी काढून बघितली आसती, ईसीजीची, तर कळलं आसतं कदाचित. रगत पातळ ठिवायची गोळी आसती. एक गोळी, अण्णा.

पण ऐकंल तर ना. मी सांगितलं होतं तेला, समद्या बाजाराला म्हाईत हाय — पोट वाढायलंय बाबा, जा, दाखवून ये. तेला काय फिकीर? लग्नात गव्हाची हुग्गी वाढायला आली की वाटी न्हाई, ताट पुढं करायचा, वर तुपाची धार. आशा माणसाला देव बी काय करणार?

तुमचं काय, दोन इंच सैल करायचंय. करता येतंय की, शिवतानाच आत कापड सोडून ठिवल्यालं आसतंय मी. आमच्या धंद्याची रीतच हाय ती. आमचे वस्ताद, गुरुपादय्या, गेले आता — ते शिकवायचे, माप खरं घे पण खरं म्हणू नको. अडतीस आलं तर छत्तीस म्हण, आन् काप अडतीसच. आन् वर्साभरानं तीच पँट घेऊन आला तर तुमी सुटलाव आसं कधी म्हणायचं न्हाई. म्हणायचं, कापड आटलंय. धोबी सोडा लई टाकतंय, पाणी खारं हाय, काय बी म्हणायचं. आता टेरिकॉट कधी आटतंय का हो अण्णा? दगड आटंल, टेरिकॉट आटत न्हाई. पण शिकली-सवरली माणसं, मास्तर, वकील, समद्यांनी मान हलवलीय ह्या दुकानात. तुमी बी हलवलीय, गेल्या दसऱ्याला, ह्याच पँटला. गिऱ्हाईक खूश, आपण बी खूश. धोंडप्पाला तर सहा वर्सं तेच म्हणत आलो मी —

म्हंजे, समद्यालाच म्हणतो. तेला बी म्हणायचो. मग काय झालं? कामून आसं बघायलाव? — सांगितलं होतं मी तेला. तुमी काय वकील हाव का, एकदा हे म्हणला, एकदा ते म्हणला करायला?

बरं, ऐका. कुणाला बोलू नका. धोंडप्पाच्या गल्लीत तपासणीचं शिबिर आल्तं. तितल्या डॉक्टरनं तेचं मनगट धरलं आन् लई वेळ सोडलंच न्हाई. म्हणला, ठोके सरळ न्हाईत, शुगर बी हाय, बिदरला जाऊन पट्टी काढा, थांबू नका. ह्यो कशाचा जातोय. तेची बायको, तुमची मेव्हणी हेमावतीअक्का, हात धुवून मागं लागल्या, दोन दिवस जेवल्या न्हाईत, तवा ह्यो म्हणला — व्यंकटला इचारतो. तेचं माप खरं. कंबर वाढली आसल तर जातो, न्हाईतर घरात परत हा विषय काढायचा न्हाई. आन् भर दुपारचा इथं आला. तुमी बसलाव तिथंच हुबारला. कपाळाला घाम, एक हात छातीवर. म्हणला, "व्यंकट, टेप लाव आन् खरं सांग. वाढलं आसल तर उद्या बिदरला जातो."

टेप लावला. चव्वेचाळीस. त्याच्या लग्नात पहिली पँट शिवली होती मी, ती तिसाची. चव्वेचाळीस बघितलं मी ह्या डोळ्यानं, आन् म्हणलो, "हाय तेवढंच हाय की. कापड आटलंय."

कामून म्हणलो? इचारा, इचारा. मी बी इचारतो मला. खरं सांगितलं आसतं तर म्हणला आसता, मग सहा वर्सं काय सांगत होतास रे? समदं खोटं एका दमात उघडं पडलं आसतं. आन् तेचं तोंड बघितलं मी, तेला तेच ऐकायचं होतं. भ्याला होता त्यो. येवढा मोठा आवाजाचा माणूस, आन् लेकरागत भ्याला होता. मी म्हणलं आन् त्यो हसला. चहा सांगितला, माझ्या पाठीवर थाप मारली, आन् बिदरला न जाता मिलवर गेला. चार महिन्यानं पडला.

आन् दवाखान्याच्या वऱ्हांड्यात हेमावतीअक्कानं मला इचारलं — त्या दिवशी काय म्हणला होताव तुमी? तोंडातून निघून गेलं, मी सांगितलं होतं, त्यानंच ऐकलं न्हाई. त्या बाईनं मला हात जोडले अण्णा. अजून जोडतेत. आन् नवऱ्याला अजून बोलतेत, पाणी पाजता पाजता बोलतेत, की व्यंकटण्णा येवढं सांगत होते आन् तुमी ऐकलं न्हाई. त्यो पडल्या पडल्या ऐकतंय. मी गेलो की डावा हात वर करतंय, आ-आ करतंय, डोळे मोठे करतंय. अक्का म्हणतेत, बघा, मैतराला बघून कसे खूश झाले. खूश! तेला एकट्याला म्हाईत हाय मी काय बोललो ते, आन् तेलाच बोलता येत न्हाई. मी कामाचं निमित्त करून उठून येतो. लाज वाटतेय मला. घरी राजूबाईला, माझ्या बायकोला बी सांगितलं न्हाई मी हे.

ठिवा ती पँट. त्रेचाळीस हाय तुमचं. व्हय, मोठ्यानं म्हणलो, त्रेचाळीस, ऐकू द्या बाजाराला. मी सैल करत न्हाई. आन् त्यो हात काढा बघू छातीवरनं — आल्यापासून तिसऱ्यांदा गेलाय तिथं. गॅस? कधीपासून हाय गॅस? उगादीच्या पाडव्यापासून. दोन महिने गॅस. आन् आत काय होतंय, फडफड होतीय? मधीच एक ठोका चुकल्यागत होतंय? बोला ना. नेत्रावतीअक्काला सांगितलं न्हाई, बरोबर — लग्न झाल्यावर जाणार. मंडपाचं, आचाऱ्याचं, समद्याचं बघून झाल्यावर मग काळजाचं. पोरीच्या अक्षता पडताना तिथं हुबारायचंय का न्हाई तुमाला? का तिनं तुमाला जीपमधून नेताना बघायचंय?

उठलाव? जावा. समोर अरुणकुमार टेलर बसलाय, त्यो देतंय सैल करून अर्ध्या तासात. कापड आटलंय म्हणून बी सांगतंय, मीच शिकवलंय तेला. गोड बोलतंय माझ्यापेक्षा. जावा जावा.

— थांबा. पायरी उतरू नका, फोन लावायलोय मी.

हॅलो, नेत्रावतीअक्का? व्यंकट टेलर, हुमनाबाद. व्हय, अण्णा इथंच हायत, हुबारलेत पायरीवर. अक्का, पँटचं न्हाई हो, पँट मरू द्या. अण्णाची छाती फडफडायलीय दोन महिन्यापासून, तुमाला बोलले न्हाईत. चार पायऱ्याला दम लागायलाय. कंबर त्रेचाळीस हाय. आज बिदरला जाऊन पट्टी काढायची, आजच, मी बसवून देतो, तुमी तिकडून या. — न्हाई, चिडू नका त्यांच्यावर. — काय? व्हय, धोंडप्पाला बी मी —

न्हाई. न्हाई अक्का. मी सांगितलं नव्हतं तेला. त्यानं टेप लावून खरं सांग म्हणलं होतं, आन् मी वाढलं न्हाई म्हणलो. खोटं बोललो. त्यो जाणार होता बिदरला, मी म्हणल्यामुळं गेला न्हाई. — ऐकायलाव ना अक्का? — हेमावतीअक्काला तुमी सांगू नका. मी जातो सांजंला. धोंडप्पासमोरच सांगतो. — ठिवतो.

आता माझ्याकडं काय बघायलाव? जावा. बिदरची बस लागलीय.