एका पेटीतले दोघे

आजच्या कार्यक्रमाच्या अध्यक्ष, विभागप्रमुख मॅडम. त्यांच्या शेजारी बसलेले आपले पशुवैद्य डॉक्टरसाहेब. निवृत्तीच्या दिवशीही पाठ ताठ ठेवून बसलेले आमचे हे. शोधपथकातले सगळे हँडलर भाऊ-बहिणी, त्यांच्या घरची मंडळी. आणि मागच्या अंगणातून मघापासून प्रत्येक भाषणाला भुंकून दाद देणारे आपले चार पायांचे सहकारी, सगळ्यांना माझा नमस्कार.

घरच्यांच्या वतीने दोन शब्द बोला, असं मला सांगितलं गेलं. मी शिवणकाम करते. दुकानात दिवसभर बोलतच असते, पण तोंडात टाचण्या धरून. आज टाचण्या नाहीत, तेव्हा दोन शब्दांचे किती होतील याची हमी मी देत नाही.

डॉक्टरसाहेबांनी आत्ता मास्तरांच्या धाडसाचं वर्णन केलं. तुम्ही सगळे ह्यांना मास्तर म्हणता, आज मीही म्हणते. बर्फात हरवलेली माणसं, ते कडे, ती वादळं, हे सगळं मी आज पहिल्यांदाच ऐकलं. घरी आले की हे "सापडला" एवढंच म्हणायचे, नाहीतर मुकाट्याने जेवायचे. मला माहीत असलेले मास्तर पेंढ्यातले. थंडी पडली की ह्यांच्या खिशात पेंढा, मोज्यात पेंढा, कॉलरमध्ये पेंढा. एखादीला नवऱ्याच्या कोटावर लांब केस सापडतो, मला काडी सापडायची. त्या बाबतीत मी सुखी आहे.

ओळखीपाळखीचे लोक मला विचारायचे, एवढी गुणी कुत्री आणि कडाक्याच्या थंडीत बाहेर ठेवता? तुमच्या मास्तरांना काही दयामाया? खरं सांगू का, नवी नवरी होते तेव्हा मलाही तेच वाटलं होतं. आत घेऊन हीटर का लावत नाही, असं विचारलं तर म्हणाले, कुत्रं आतल्या उबेला सोकावलं की त्याच्या अंगावर दाट लव धरत नाही, आणि मग डोंगरावर तेच आधी गारठतं. बाहेरच ठेवायचं, पण कोरडं ठेवायचं आणि वारा लागू द्यायचा नाही.

म्हणजे नेमकं काय करायचं, ते मला तेव्हा कळत नव्हतं. मी आपल्या दुकानातल्या चिंध्या जमवल्या आणि कुत्री झोपतात त्या प्रत्येक लाकडी पेटीसाठी एक गोधडी शिवली. बोटांची चाळण झाली. मास्तरांनी त्या निमूटपणे अंथरल्या, आणि तिसऱ्या दिवशी एक सोडून बाकी सगळ्या सायकलवर लादून परत आणल्या. फळ्यांसारख्या ताठ झाल्या होत्या. मी जी तोंड फिरवून बसले ती बसलेच. ह्यांनी वादही घातला नाही. मला इथे घेऊन आले, एका पेटीत गोधडी राखून ठेवली होती तिच्यावर माझा हात ठेवला, आणि मग शेजारच्या पेटीतल्या पेंढ्यात कोपरापर्यंत घातला. गोधडी कुत्र्याच्या श्वासाने ओली झाली होती आणि त्या ओलीचं बर्फ झालं होतं. पेंढा कोरडा होता, आणि आत ऊब होती. नुकतंच कुणीतरी उठून गेलेल्या अंथरुणासारखी. माझा राग तिथेच उतरला, पण कबूल मी बऱ्याच दिवसांनी केलं.

तेव्हापासून पेट्यांच्या दारांचे जाड कॅनव्हासचे पडदे मी शिवते. पेट्या जमिनीपासून उचललेल्या, तोंडं वाऱ्याकडे पाठ करून, आणि मुद्दाम लहान. पाहुण्यांना ते कंजूषपणाचं वाटतं. पण पेटी ऐसपैस केली तर कुत्र्याच्या अंगाची ऊब पेटीभर पसरून वाया जाते. म्हणून एका पेटीत दोघं, पाठीला पाठ लावून. कुणाची जोडी कुणाशी जमेल हे मास्तर असं बघायचे, की आमच्या मुलीच्या लग्नात त्यांनी त्याच्या निम्मी चौकशी केली नाही. जावईबापू, तुम्ही चांगले निघालात हे आमचं नशीब.

या माणसाने सगळी नोकरी रोज सकाळी स्वतःच्या चहाआधी प्रत्येक पेटीत हात घालून पेंढा कोरडा आहे ना हे पाहण्यात काढली. अंगात ताप असतानाही पाहिलं. मला याचा फार अभिमान वाटतो, आणि घरी हे मी कधी बोलले नाही म्हणून इथे बोलते.

आता एक घरातली गोष्ट. हे माझ्याकडे डोळे वटारून बघताहेत, पण माइक माझ्या हातात आहे.

भोपळा आज मास्तरांबरोबरच निवृत्त होतोय. पिवळा, गोल डोक्याचा, पथकातला सगळ्यात म्हातारा कुत्रा. निवृत्त कुत्रं त्याच्या हँडलरने घरी न्यायचं, ही इथली पद्धत. तुम्ही सगळ्यांनी गृहीत धरलंय की भोपळा आज आमच्याबरोबर निघणार. मीही धरलं होतं. कुत्रं घरात नको म्हणून जन्मभर भांडलेली मी, अंगणात पेटी ठेवायला जागा करून दिली.

गेल्या महिन्यात सुट्टीला मास्तर त्याला सवय व्हावी म्हणून घरी घेऊन आले. आत शेगडीजवळ बसवला तर धापा टाकत दाराशी जाऊन उभा राहिला. बाहेर पेटीत ठेवला, पेंढा अगदी गच्च भरला, तर सकाळी अंग चोरून थरथरत होता. म्हातारं शरीर, अंगावर मांस उरलं नाही, आणि एवढी वर्षं त्याच्या पाठीला पेटीतल्या जोडीदारणीची, काजळीची पाठ. एकट्याच्या उबेने त्याची पेटी तापेना. मास्तर त्याला दुपारीच परत इथे घेऊन आले. संध्याकाळी मला म्हणाले, अंगणातल्या पेटीचा पडदा शिवू नकोस. बस, एवढंच. पण मला कळायचं ते कळलं. भोपळ्याला इथेच ठेवायचं त्यांनी ठरवलंय. तेव्हापासून घास त्यांच्या घशाखाली उतरत नाही.

मग काजळीलाही न्या की, असं कुणीही म्हणेल. पण काम होतंय तोवर कुत्रं पथकाचं, हँडलरच्या आवडीनिवडीवर कुणी घरी जायचं नाही, हा नियम आहे. आणि तो नियम केला कुणी? आमच्याच मास्तरांनी. काजळीचा मागचा पाय अधू झालाय, डोंगरावर ती जात नाही. पण शाळेच्या मुलांना प्रात्यक्षिक दाखवते, म्हणजे कामावर आहे. स्वतःसाठी नियम वाकवा असं हा माणूस मेला तरी म्हणणार नाही.

मी म्हणते. अहो, हाताने खुणा करून मला बसवू नका. मॅडम, मी या पथकाची कुणी नाही, त्यामुळे मला नियम लागू नाही. मास्तरांनी आजवर तुमच्याकडे पेंढ्याखेरीज काही मागितलं असेल तर सांगा. आज त्यांच्या वतीने मी काजळीला मागते. भोपळा एकटा आमच्याकडे जगणार नाही. आणि भोपळ्याला इथे सोडून हे घरी कसे राहतील, ते मला बघवणार नाही.

मॅडम विचारताहेत, मग मुलांना प्रात्यक्षिक कोण दाखवणार? हे घेऊन येतील ना तिला! घरी बसून माझ्या मशीनला नको तिथे तेल घालण्यापेक्षा ते बरं. आणि नियम बदलू नका, चांगला आहे तो. काजळीचं काम फक्त आमच्या अंगणातून चालू राहील, एवढंच लिहा.

मॅडम, तुम्ही मान हलवलीत ती मला दिसली, मागच्यांना दिसली नसेल. हा घ्या माइक.

"न्या दोघांना."

ऐकलंत सगळ्यांनी? टाळ्या जरा हळू, बाहेरची मंडळी बिथरतील.

मॅडम, तुमचे आभार मी कोणत्या शब्दांत मानू, मला सुचत नाही. डॉक्टरसाहेब, पथकातली सगळी मंडळी, तुम्ही ह्यांना एवढी वर्षं सांभाळून घेतलंत, त्याबद्दल घरच्यांच्या वतीने मनापासून आभार. बोलण्याच्या भरात काही वेडंवाकडं निघालं असेल, कुणाचा मान राखायचा राहून गेला असेल, तर पोटात घाला. ह्यांची माफी मात्र मी घरी जाऊन मागेन. आत्ता मागून उपयोग नाही, त्यांनी रुमालात तोंड लपवलंय.