आधीचा फोटो

आजच्या सभेला लाभलेले संस्थेचे आदरणीय अध्यक्ष, व्यासपीठावरची विश्वस्त मंडळी, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो त्या आमच्या मॅडम, खुर्च्या कमी पडल्या म्हणून दाराशी उभे राहिलेले आमचे सुतारदादा, आणि गृहसजावटीच्या संध्याकाळच्या वर्गाचे आजी-माजी विद्यार्थी, सगळ्यांना माझा नमस्कार.

मी तीस वर्षं टेलिफोन ऑपरेटर होते. दोघांचं बोलणं जोडून द्यायचं आणि आपण बाजूला व्हायचं, एवढंच माझं काम. त्यामुळे माइकसमोर उभं राहायची मला सवय नाही. पण मॅडमचा फोन आला, "वर्गामुळे तुमच्या घरात काय बदल झाला, त्यावर पाच मिनिटं बोला." मी हो म्हणाले. मॅडमना नाही म्हणायची सोय आमच्यापैकी कुणालाच नव्हती.

आज शेवटचा दिवस, म्हणून एक गोष्ट उघड करते. मॅडमच्या पाठीमागे आम्ही त्यांना टेपबाई म्हणायचो. गळ्यात मोजायची टेप कायम. एकदा मला दवाखान्यात भेटल्या, तर नंबर येईपर्यंत बाकाची उंची मोजत होत्या. मला म्हणाल्या, "चार सेंटिमीटर जास्त आहे, म्हणून लोक इथे अवघडून बसतात." मॅडम, तुम्ही हसताय, पण ते खरं होतं. त्यानंतर मी त्या बाकावर कधी बसले नाही.

काय काय शिकलो आम्ही? भिंतींना साठ टक्के रंग, सामानाला तीस, आणि उरलेले दहा टक्के मनाला येईल तसे. मिनिमल म्हणजे खोलीत जवळजवळ काहीच नाही, आणि बोहेमियन म्हणजे सगळंच आहे पण ठरवून. इंडस्ट्रियल स्टाइलमध्ये पाइप उघडे ठेवतात. आमच्या घरात ते पहिल्यापासून उघडे होते, त्याला स्टाइल म्हणतात हे माहीत नव्हतं. या गोष्टी ऐकताना मी किती सुखात होते, हे माझ्या मुलीलाही मी सांगितलेलं नाही.

कारण अडतीस वर्षं मी दुसऱ्यांच्या सामानात राहिले. पलंग सासूबाईंचा. टेबल नणंदेनं चार दिवस ठेवायला म्हणून दिलेलं, ते तिनं परत नेलंच नाही. आणि आमचे हे शाळेच्या प्रयोगशाळेत कामाला होते. लग्नाच्या पहिल्या वर्षी त्यांनी प्रयोगशाळेच्या रिकाम्या खोक्यांच्या फळ्या जोडून स्वतः एक कपाट केलं. रंग खाकी. दाराच्या आतल्या बाजूला छापलेलं, 'काच आहे, सांभाळा'. साड्या काढताना रोज ते वाचायचं. घरात माझ्या पसंतीची एकच वस्तू होती, चहाची गाळणी.

मी वर्गात नाव घातलं तेव्हा ह्यांना विसर पडायला लागला होता. डॉक्टरांनी आजाराचं नावही सांगितलं होतं. मुलगी म्हणाली, "आई, आठवड्यातून दोन संध्याकाळी तू बाहेर पड. बाबांजवळ मी बसते." शेवटच्या सत्रात मॅडमनी काम दिलं, स्वतःच्या घरातली एक खोली बदला, आधीचा आणि नंतरचा फोटो आणा. मी घरी सांगितलं की ह्यांच्यासाठीच करतेय, प्रसन्न खोलीत त्यांना बरं वाटेल. खोटं होतं ते. मी माझ्यासाठी केलं.

महिनाभर हे मुलीकडे राहिले. पलंग, टेबल गेलं. कपाट भंगारवाल्यानं जिन्यातच मोडलं, कारण ते अख्खं उतरेना. भिंतींना दुधी रंग, खिडकीशी फिकट निळा पडदा, एक आरामखुर्ची, आणि मोकळी जागा. इतकी मोकळी जागा मी आयुष्यात पाहिली नव्हती. मला पहिला नंबर मिळाला.

हे परत आले. दारात चपला काढल्या, आत येऊन सगळीकडे पाहिलं आणि मला म्हणाले, "फार सुंदर लावलंय हो तुम्ही घर."

अडतीस वर्षांत त्यांनी माझ्या कुठल्याच गोष्टीला सुंदर म्हटलं नव्हतं. त्यांनी मला कधी 'तुम्ही'ही म्हटलं नव्हतं. मग ते खुर्चीच्या कडेवर बसले, पाहुणा बसतो तसे, आणि पाच वाजता उठले. "बराय, निघतो. घरी वाट बघत असतील."

त्या दिवसापासून रोज पाच वाजता हेच. दार लावलं तर रडायचे. मी त्यांना बाहेर न्यायची, चौकाला वळसा घालून परत आणायची आणि म्हणायची, "आलं बघा घर." पहिले काही दिवस त्यांना ते पटायचं. पुढे नुसतेच माझ्या तोंडाकडे बघायला लागले.

बाहेरच्या भिंतीवर माझा 'नंतर'चा फोटो आहे आणि शेजारी नुसता खिळा आहे, हे आपण येताना पाहिलं असेल. 'आधी'चा फोटो चोरीला गेला, अशी वर्गात चर्चा झाली. तो मी नेला. सुतारदादांना तो दाखवून मी म्हटलं, "दादा, हे असंच्या असं परत करून द्या." त्यांनी एका शब्दानं कारण विचारलं नाही. भिंती पुन्हा पिवळ्या केल्या. जुन्या बाजारातून तसाच पलंग आणला. नणंदेला सांगून तसलंच टेबल शोधलं. दादांनी खोक्यांच्या फळ्या मिळवून कपाट केलं, खाकी, आतून अक्षरं रंगवलेलं. कुठेही चूक नव्हती. मॅडम, तुम्ही टेप लावली असती तरी सापडली नसती.

ह्यांनी कपाटावरून हात फिरवला. "काम चांगलं आहे," म्हणाले. आणि पाच वाजता चपला घातल्या.

डॉक्टर म्हणतात, हे तसंही होणारच होतं. असेल. पण कदाचित सहा महिन्यांनी झालं असतं, वर्षानं झालं असतं. तेवढे दिवस ते घरात राहिले असते, आणि ते दिवस मी काढून घेतले. हे मला कुणी समजावू नये, कारण मी ऐकणार नाही.

मॅडम, यात तुमचा दोष शोधायला मी उभी नाही. तुम्ही जे शिकवलंत ते खरंच होतं. माझ्या आयुष्यातली सगळ्यात आनंदाची दोन वर्षं तुमच्या वर्गात गेली, आणि त्या आनंदाचं आता काय करायचं ते मला कळत नाही.

गेल्या पंधरवड्यापासून त्यांनी निघतो म्हणणं बंद केलंय. पाच वाजतात, ते बसून राहतात. मुलगी म्हणाली, "आई, सुटलीस." मीही दोन दिवस तसं धरून चालले. काल मात्र मला राहवलं नाही. मीच त्यांच्या चपला पुढे ठेवल्या आणि म्हटलं, "चला, घरी जायचं ना?"

त्यांनी विचारलं, "कुठे?"

शेजारच्या वहिनी सातपर्यंतच त्यांच्याजवळ बसणार आहेत, म्हणून आवरतं घेते. मला बोलायची संधी दिल्याबद्दल संस्थेचे आणि इतका वेळ शांतपणे ऐकल्याबद्दल आपल्या सगळ्यांचे आभार. मॅडम, तुमच्याबद्दल चार चांगले शब्द बोलायला आले होते आणि माझंच सांगत बसले. तेवढं पोटात घाला.