समुद्रातलं कोण उपाशी हाय

माझं माहेर संकेश्वरजवळच्या वाडीतलं, सासर निपाणीचं, आन् लगीन झालं तवापास्नं मांडीवर सूप घेऊन विड्याच वळत आले मी. आमचं मालक तंबाखूच्या वखारीत हमाल. पोरगी एकच, रेखा. काय सांगू ताई तुम्हाला, शाळेतनं आली की आधी माझं हात हुंगायची, आईचा वास आला म्हनायची. तंबाखूचा वास त्यो, पर तिला आईचाच वाटायचा.

बेळगावला कॉलेज शिकली, मग कारवारला गेली, समुद्राचं शिकायला. काय शिकतीस गं म्हनलं, तर म्हनाली, समुद्रात कोण कुणाला खातंय त्ये. मासा आणायचा, पोट फाडायचं आन् आत काय हाय त्ये बघायचं. आम्ही आपली वेदगंगेचं मासं खाणारी माणसं, मला काय कळंना.

तशात येळ्ळूरचं स्थळ आलं. पोरगा नोकरीला, घरची शेती, लई चांगली माणसं. पोरगी काय करती म्हनून इचारलं, मालकांनी खरं त्ये सांगितलं, तर पोराची आई तोंडाला पदर लावून हसली आन् म्हनाली, त्ये लग्नाआधी सोडायला सांगा. मालकांचं तोंड उतरलं. मला म्हनालं, जा आन् घेऊन ये तिला, शिकली तेवढं बास.

मी गेले. रेखा स्टँडवर आलती, वाळली हुती, मला गच्च धरलं. मी सगळं सांगितलं. मग म्हनाली, आई, उद्या माझ्यासंगट चल, बघ, मग तू म्हनशील तसं.

दुसऱ्या दिवशी तिच्या कामाच्या खोलीत स्टुलावर बसले. तिनं तारली म्हनून एक बारका मासा फाडला, पोटातलं जरासं काचंवर घेतलं आन् मला यंत्रात बघाय लावलं. हिरवं हिरवं बारीक, काचंच्या मण्यावानी. ह्ये समुद्रातलं गवात म्हनाली, तारली ह्ये खाती आन् सुरमई तारलीला खाती. मग मोठी सुरमई घेतली, पोट उघडलं, तर आत काय न्हाय. दुसरी घेतली, ती बी तशीच. रेखाचं तोंड एवढंसं झालं. म्हनाली, आई, ह्यांना खायाला मिळंना झालंय का काय, तारली कुठं गेली त्ये हुडकायला पायजे.

ताई, आमच्या घरात बी चूल न पेटल्यालं दिवस झाल्यात, कोण इचाराय आलं न्हवतं. आन् माझी पोर त्या मुक्या जीवाचं पोट रिकामं का म्हनून बघत बसलीया. मी तिचं हात धरलं. माशाचा वास येत हुता. म्हनलं, ऱ्हा बाई हितंच, तुझ्या आप्पांचं मी बघते.

घरी आले. मालक दारातच हुतं, एकटीच आलीस व्हय म्हनालं. मी बघितलं तसं सगळं सांगितलं. आईकलं, मग हळूच इचारलं, जेवती का गं येळंवर? तितंच मी समजले. येळ्ळूरला सोता जाऊन सांगून आलं, पोरगी काम सोडणार न्हाय. त्यांनी नगं म्हनलं. म्हनू दे.

आता मालक चहाच्या गाड्यावर कुणालाबी धरून सांगत्यात, समुद्रातलं कोण जेवलं, कोण उपाशी, त्ये आमची रेखा बघती. परवा तिचा फोन आलता, बोटीनं लांब आत जाणार हाय, फोन लागायचा न्हाय म्हनाली. जा म्हनलं. पाणी शांत ऱ्हाऊ दे, पोर सुखरूप माघारी येऊ दे. आनी काय मागू मी?