प्रणालीचं कार्ड

गणेशपुरीची गाडी काही लागेना, तेव्हा भिवंडी स्टँडच्या बाकावर बसल्या बसल्या सीताबाईचे कान शेजारी वळले. तिथं दरवर्षी त्याच मुलांना भेटून भरायच्या सर्व्हेच्या फॉर्मचे गठ्ठे मांडीवर घेऊन दोघी बसल्या होत्या, एक मुरलेली ताई आणि एक नवखी उन्नती.

“ताई, पूर्णा गावातली प्रणाली सापडली का हो? तीन वर्षं नीट उत्तरं दिली आणि यंदाच गायब झाली, ती?”

“सापडली. घरच्यांनी लग्न ठरवलं म्हणून मैत्रिणीच्या मावशीकडे पळाली होती.”

“बरं झालं! मला वाटलं, हीपण यादीतून गळली.”

“माझ्याआधी तिचा बाप पोचला तिथं.”

“त्यांना कुणी सांगितलं?”

“घरी नाही भेटली तर कुठं शोधायचं, ते तिनंच आपल्या सर्व्हेच्या कार्डावर विश्वासानं लिहून दिलं होतं. ते कार्ड तू बापाला दाखवलंस?”

“फक्त त्यावरचं नाव दाखवून विचारलं, ही मावशी कुठं राहते. ते म्हणाले, ठाऊक न्हाय. ताई, पोरं गळली की साहेब ओरडतात हो…”

“आता नाही ओरडायचे. काल तिचा यंदाचा, दोन हजार सातचा फॉर्म भरून आणला मी.”

“घरी आहे ती?”

“हळद लागलीय. सोळाचीच आहे. बाप समोरून हलला नाही.”

“सगळी उत्तरं दिली?”

“एक सोडून. शेवटी विचारलं, पुढच्या वर्षी नाही भेटलीस तर कुणाकडे चौकशी करू?”

“मग?”

“म्हणाली, ‘ताई, आता माझ्याकडं कुणाचंच नाव न्हाय.’”