पण जेवण कसंय?

…नाही, मला एवढंच सांगा, हॉटेलात शिरताना माणूस आधी काय बघतो? वास कसा येतोय, टेबलं पुसलीत का, आत बसलेली माणसं तोंडं वाकडी न करता जेवतायत का, हेच ना? तुम्ही माना हलवताय, म्हणजे तुमच्या घरात जुनी गाडी नाही. सुखी आहात! आमचे हे हॉटेलाकडे बघतच नाहीत. हॉटेलासमोरच्या जागेकडे बघतात. जमीन सपाट आहे का, सावली आहे का, सावली असली तर ती झाडाची आहे का, झाडाची असली तर वर पाखरं बसतात का… आणि सगळं मनासारखं जमलं की मला म्हणतात, "चल गं, हॉटेल झकास आहे!"

अहो, पण जेवण कसंय?

तर तुम्हाला सांगते, ह्यांचं गॅरेज आहे. आणि सासऱ्यांची एक जुनी गाडी आहे. मी लग्न होऊन आले तेव्हा ती शेडमध्ये विटांवर बसलेली होती, चाकं नाहीत, काचा नाहीत, आत मांजर व्यालेलं. ह्यांनी लोकांच्या गाड्या करता करता, सुट्टीच्या दिवशी जेवणवेळा चुकवून, तिला पुन्हा रस्त्यावर आणली. आम्ही तिला म्हातारी म्हणतो. सवत म्हणावं तर वयानं सासूबाईंच्या बरोबरीची, राग तरी कसा धरायचा? त्या म्हातारीला मोठ्या शहरातल्या जुन्या गाड्यांच्या मेळाव्याचं आमंत्रण आलं. हे लगेच हवेत! "सगळेच जाऊ. तुझंही फिरणं होईल, चांगल्या-चांगल्या हॉटेलात जेवू."

आता माझी काळजी ऐका. आमची मुलगी, भोंगू. रडायला लागली की म्हातारीच्या रबरी भोंग्यासारखा आवाज काढते म्हणून भोंगू. ही पोरगी खात नाही हो! दोन वर्षांची झाली, पण चमचा दिसला की ओठ असे मिटते की पाना लावून उघडावेत, गॅरेजातले पाने ह्यांच्याकडे आहेतच. गेल्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी तिला काट्यावर बसवलं, काट्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं… रागावल्या असत्या तर परवडलं असतं. पण त्या शांतपणे म्हणाल्या, "काटा जागचा हललेला नाही. पुढच्या वेळी हललेला दिसला पाहिजे हं." आणि ती पुढची वेळ कधी? मेळाव्याहून परत आल्या-आल्या! म्हणजे ह्यांचं सगळं लक्ष बक्षिसाकडे आणि माझं त्या काट्याकडे.

घरून डबाभर मऊ भात नेला होता. गाडीत उन्हानं तो दुपारीच आंबला. झालं! आता हॉटेलांवरच भिस्त.

पहिलं हॉटेल ह्यांनी निवडलं. समोर ही मोठी काच, काचेपलीकडे म्हातारी. "बघ, बसल्या जागेवरून अख्खी दिसते!" दिसते ना, पण भोंगूच्या टाळूवर थंड हवेचं यंत्र भसाभसा सुटलेलं, तिला शिंका यायला लागल्या, मी म्हटलं टेबल बदलू, तर हे म्हणतात, "तिथून फक्त मागचं चाक दिसेल गं." मागचं चाक! मी पोरीच्या डोक्याला पदर गुंडाळला. सूप मागवलं ते एवढं तिखट की माझ्याच डोळ्यांतून पाणी. भोंगूनं जीभ लावली आणि अख्ख्या हॉटेलाला भोंगा ऐकवला. बाहेर रस्त्यावरचा एक माणूस दचकून बाजूला सरकला, त्याला वाटलं गाडीच आली!

मेळाव्याच्या मैदानावर गेले तर सगळीकडे गाड्याच गाड्या, आणि प्रत्येक गाडीशेजारी एक माणूस फडकं घेऊन. आमच्या शेजारी एक काका होते, ते बोलतानाही पुसतच असायचे, म्हणून मी त्यांना पॉलिशकाका म्हणायचे. मनात हं. त्यांना विचारलं, "काका, इथं जवळपास चांगलं हॉटेल कुठलं?" "सूनबाई, चौकातलं! डोळे मिटून जा. सपाट जागा, हँडब्रेक ओढायलाच नको!" अहो काका, पण जेवण कसंय? तर काका पुसायचे थांबले. खरंच विचारात पडले. "जेवण… असतं की!"

असतं की! पलीकडे एक बाई होत्या, डोक्याला रुमाल, स्वतः गाडी चालवत आलेल्या. म्हटलं, बाईमाणूस आहे, हिला कळेल. तर त्या माझ्या खांद्यावर हात ठेवून, अगदी सख्ख्या बहिणीसारख्या सांगतात, "हे बघ ताई, तू त्या पुलाखालच्या हॉटेलात जा. एक झाड नाही तिथं. पाखरांच्या घाणीनं रंग जातो गं." मी म्हटलं, ताई, माझ्या पोरीला रंग लावलेला नाही, तिला भूक लावायची आहे! त्या हसल्या आणि भोंगूचा गालगुच्चा घेतला. हाताला ग्रीस. पोरीच्या गालावर मिशी उमटली.

रात्री चौकातल्या त्या सपाट हॉटेलात गेलो. मी भोंगूला "हा बघ काऊ, हा बघ चिऊ" करून एक घास ओठांपर्यंत आणायचे, तेवढ्यात हे ताडकन उठायचे, "कुणीतरी बॉनेटला टेकलंय!" आणि धावत बाहेर. बाप धावला की पोरगी मान वळवणार, घास कानात. हे परत येऊन बसायचे, मी पुन्हा काऊ, पुन्हा चिऊ, पुन्हा हे ताडकन! वाढपी शेवटी म्हणाला, "साहेब, तुमचं ताट बाहेर आणून देऊ का?" आणि तुम्हाला खोटं वाटेल, ह्यांनी विचार केला त्याच्यावर!

खोलीवर आल्यावर भोंगूला उचललं तर मला ती हलकी लागली. एका दिवसात कुणी हलकं होतं का? होत नाही, मलाही कळतं. पण हाताला लागली. ह्यांनी विचारलं, "दमलीस?" मी म्हटलं, हो.

दुसऱ्या दिवशी परीक्षक गाड्या बघायला येणार होते. हे गाडीखाली आडवे, नुसते पाय दिसतायत. मी भोंगूला घेऊन फाटकाशी गेले. तिथं तिकिटं फाडायला एक बाई, कडेवर ही गुबगुबीत पोर! गाल हे एवढाले! मी हॉटेलाचं नावच काढलं नाही. एवढंच विचारलं, "अगं, तुझी लेक कुठं जेवते?" ती म्हणाली, "त्या बोळात, मावशींकडे. मी कामावर असले की त्याच भरवतात. पण गाडी जात नाही हं आत!"

मी ह्यांच्या पायांशी जाऊन सांगितलं. पाय म्हणाले, "आत्ता? परीक्षक येतील."

"भोंगूनं कालपासून काही खाल्लं नाही."

"म्हातारीला एकटी सोडून येऊ?"

पोरगी माझ्या खांद्यावर मान टाकून, नेहमीचा भोंगासुद्धा नाही. हे गाडीखालून सरकत बाहेर आले. तिच्याकडे बघितलं. मग हातातलं फडकं पॉलिशकाकांना दिलं. तुम्हाला ते कळायचं नाही… पण फडकं दिलं हो दुसऱ्याच्या हातात!

बोळ एवढा अरुंद की आम्ही एकामागे एक. मावशींचं हॉटेल म्हणजे एक खोली, तीन बाकं. मावशींनी काऊ केला नाही, चिऊ केला नाही. भोंगूसमोर वाटी ठेवली, हातात चमचा दिला आणि भांडी घासायला निघून गेल्या. भोंगू वाटीकडे बघतेय, मी भोंगूकडे बघतेय, हे सवयीनं खिडकी शोधतायत, खिडकीबाहेर भिंत! आणि पोरीनं चमचा भरला. अर्धा सांडला, अर्धा तोंडात. मग दुसरा. मी श्वास घेईना, न जाणो, वाऱ्यानं बिघडायचं. ह्यांनी खिडकी सोडली. खाली वाकून, इंजिन ऐकतात तसा कान तिच्या तोंडाजवळ नेला आणि हळूच म्हणाले, "चावतेय गं!"

वाटी संपली. दुसरी मागितली तिनं. हात पुढे करून!

मैदानावर परत आलो तर परीक्षक येऊन गेले होते. मालक नाही, गाडी चालू करून दाखवायला कुणी नाही, म्हणून पुढे सरकले. पॉलिशकाका हळहळले, "अरे, होतास कुठं?"

"जेवायला."

"कुठल्या हॉटेलात? गाडी लावायला जागा कशी आहे?"

"जागाच नाही," हे म्हणाले. काकांना बक्षिसापेक्षा त्याचंच वाईट वाटलं. ह्यांनी आपलं फडकं परत घेतलं, म्हातारीच्या दिव्यावरून एकदा फिरवलं. "पुढच्या वर्षी," तिला म्हणाले. मला नाही, तिला. मीही ऐकलं नाही असं दाखवलं.

घरी आल्यावर काटा हलला. केसभरच, पण डॉक्टरीणबाई हसल्या.

आणि परवा जाऊबाईंचा फोन. त्या निघाल्यात त्याच शहरात. "अगं, तू जाऊन आलीस ना, एखादं चांगलं हॉटेल सांग." माझी कळी खुलली! म्हटलं, डोळे मिटून मावशींकडे जा! बाक भिंतीला टेकलेलं आहे, पोर मागे पडत नाही. पंखा अंगावर येत नाही. चमचे लहान, टोकं बोथट. हात धुवायला कोमट पाणी…

जाऊबाई म्हणाल्या, "ते सगळं खरं, पण जेवण कसं होतं?"

…

माझ्यासमोर ताट होतं. मी ते संपवलंही असणार, कारण उठताना रिकामं होतं. पण त्यात काय होतं हो? भात होता की पोळी? मी घाईघाईनं फोन ह्यांच्याकडे दिला. हे म्हणाले, "वहिनी, हॉटेल झकास! फक्त गाडी लांब लावावी लागते."

तर तुमच्यापैकी कुणी गेलंच तिकडं, तर माझं एक काम करा. जेवण कसंय, तेवढं मला कळवा.